मांडीवरचा हात

पेणच्या कारखान्यात तेवीस गणपती डोळ्यांच्या आखणीसाठी थांबले होते आणि आखणारी सीताबाई एकटीच होती. तिची बोटं हल्ली आपोआप वळवळत. डॉक्टर म्हणाले होते, हा कंपवात नाही. बोटांच्या नसा निकामी झाल्यात, डोळे मिटले की हात कुठे आहे ते कळणार नाही.

लेक मृणालीला खात्री करायची होती. "आये, डोळे मीट गो."

सीताबाईने ब्रशसकट हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. हात उचलला गेला. तो समोर येताना पाहून मृणालीने भीतीने डोळे घट्ट मिटले. तिच्या पापण्यांवर ओला रंग फिरू लागला.

"बघ, गप पडलाय मांडीवर," सीताबाई म्हणाली. "तूच उगा घाबरतेस."

नंतर मृणालीने आरशासमोर एकेक पापणी मिटून मोजपट्टी लावली. पापण्यांवर आखलेली दोन्ही बुबुळं नऊ मिलिमीटरची होती. फरक शून्य.