पेन्सिलीचं टोक

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या मैरामकुलनं हाड मोडून हात कसा वाचवला, ते सांगतो.

बिश्केकच्या प्रयोगशाळेत दाबयंत्राच्या जबड्यात खाणीतल्या ग्रॅनाइटचा ठोकळा उभा होता. त्याला चिकटवलेला सेन्सर दगडाच्या पोटातली कुरकुर ऐकायचा आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायरची पेटी ती मोठी करून पडद्यावर धाडायची. किती पट मोठी, ते संगणकावरून सांगायचं. नवा हुकूम मिळेपर्यंत पेटी जुनाच पाळायची.

"जोलदोश, पेन्सिल मोडली नाहीस," मैरामकुल म्हणाली. आधी दगडावर पेन्सिलीचं टोक मोडायचं, पडद्यावरची रेघ किती उडते त्यावरून पेटीची पट बरोबर आहे ना ते पाहायचं, मगच दाब द्यायचा. तीस वर्षं तिचा हा नेम.

"एजे, संध्याकाळी खाणीला अहवाल जायचाय. तुमच्या पेन्सिलीला शाळेत पाठवा आता." जोलदोश विभागाचा प्रमुख, वयानं मात्र तिच्या लेकासारखा. तोंडात 'एजे', मोठी ताई, असायचं. कानात काही जायचं नाही.

दाब चढत गेला. रेघ दोनदा उसळली आणि सरळ झाली.

"झोपला बघा तुमचा दगड! सेन्सर सुटला वाटतं." त्यानं लोखंडी झडप उघडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

मैरामकुलनं पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ होती, पण शून्यावर नव्हती. वरच्या काठाला चिकटली होती. काल मिठाचा मऊ खडा ऐकायला तिनंच पेटीला हजारपट सांगितलं होतं. तोच हुकूम अजून चालू होता. दगड गप्प नव्हता. तो फुटायच्या बेतात होता आणि इतका ओरडत होता, की पडद्यावर रेघेला आणखी वर जायला जागाच उरली नव्हती.

"हात काढ!"

"ओरडू नका हो, झालंच."

यंत्र थांबवायचं बटण त्याच्या पलीकडे. तिनं त्याचा सदरा धरून ओढलं. तो रेड्यासारखा धिप्पाड, हलला नाही. तिनं टेबलावरचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड कडकन वाजलं.

जोलदोश किंचाळत हात घेऊन मागे आला आणि दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या तोंडात भडकावली. ती कपाटावर आदळली. "थेरडे, जीव घेतेस माझा?" मूठ उगारून तो तिच्यावर धावला.

मागे दगड फुटला.

झडप बिजागरीतून उखडली. समोरची खिडकी चौकटीसकट गेली. एक कपची मैरामकुलचा गाल चिरून भिंतीत रुतली.

धूळ खाली बसायला वेळ लागला. जोलदोशची मूठ अजून वरच होती. त्यानं रिकाम्या जबड्याकडे पाहिलं, मग तिच्या हनुवटीवरून ठिबकणाऱ्या रक्ताकडे.

"हात मोडलात माझा, एजे."

"दुसरा आहे ना? मारायला पुरतो."

तो खाली बसला. थोड्या वेळानं त्याच दुसऱ्या हातानं त्यानं धुळीत चाचपून तिची पेन्सिल शोधली. पायाशी पडलेल्या दगडाच्या तुकड्यावर टेकवली. टोक दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा मोडलं.

टक्.

सेन्सरचा पत्ता नव्हता. तरी दोघांनी पडद्याकडे पाहिलं.

तुमच्या हातून कधी पेन्सिलीचं टोक मोडलं, तर आमच्या मैरामकुलची आठवण ठेवा.