डाव्या हाताचा रोल

"टेरेसाला आज वाजवायला मिळणार की नाही?" आल्बर्टने पुन्हा विचारलं, आणि ग्रेगरीने पुन्हा खांदे उडवले.

त्र्याऐंशी सालचा मार्च. बहरीनमधल्या ईसा टाउनच्या स्टेडियममध्ये शाळांच्या बँडची स्पर्धा रंगात आली होती. ऊन उतरलं होतं, पण हवा दमट होती. मैदानापलीकडचे खजूर धूसर दिसत होते आणि त्या धूसरातून एकेक बँड तरंगत आल्यासारखा येत होता. ग्रेगरीची बायको मॅगी डोळे अर्धवट मिटून बसली होती. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून ती तशीच आली होती. पण झोप कुठली यायला? ढोलाचा ठोका न् ठोका तिला पोटात कळत होता.

टेरेसा त्यांची एकुलती एक पोर. शाळेच्या बँडमध्ये मुली झेंडे धरायच्या आणि ड्रम मुलगे वाजवायचे. या पोरीने हट्टाने राखीव ड्रमर म्हणून नाव लावून घेतलं होतं आणि घरातल्या उशा बडवून बडवून पार कापूस बाहेर काढला होता. आज संधी हुकली की खलास, पुढच्या वर्षी परत झेंडा! सकाळी ती रडूनच घरातून निघाली होती.

"आपल्या गावात तर पोरींना बँडच्या खोलीत पाऊलही टाकू देत नव्हते," आल्बर्ट म्हणाला. "पण ही अगदी बापावर गेलीय हो."

आल्बर्ट त्यांच्याच गावचा, वसईचा. तिथल्या चर्चच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवायचा. इथे एका हॉटेलात कुक होता. नवा श्रोता दिसला की त्याची एक गोष्ट ठरलेली. आज मॅगीच्या वॉर्डातली नर्स खदिजा शेजारी बसली होती, तेव्हा तिला मोडक्या हिंदीत ती ऐकावीच लागली. गावचा सण, आसपासच्या गावांचे बँड, आणि यांचा बँड हरल्यातच जमा.

"आणि हा पठ्ठ्या!" ग्रेगरीच्या पाठीत थाप मारत तो मराठीवर आला. "टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. दिवसभर कुणाशी अक्षर बोलला नाही. क्रुसापाशी बँड वळतो तिथे आम्ही सगळे गप्प व्हायचो, साईड ड्रम एकटा वाजायचा. मी मागून याची पाठ बघतोय, आणि याने जो रोल काढला, नुसता सलग कडकडाट, बापरे! तोही डाव्या हाताने! सरावात कधी दाखवला नव्हता लेकाने. ढाल आमच्या गावाला! आणि त्यानंतर याने काठीला हात लावला नाही."

"सुटलं ते," ग्रेगरी पुटपुटला आणि त्याने मॅगीकडे बघितलं. ड्रमचा विषय निघाला की तो आधी तिच्याकडेच बघायचा.

मॅगीने थर्मासमधून चहा ओतला आणि पेला डाव्या हाताने खदिजापुढे धरला. मग जीभ चावून तो चटकन उजव्या हातात घेतला. इतकी वर्षं बहरीनमध्ये काढली तरी तिची ही चूक व्हायचीच. खदिजा हसली.

मॅगीने डोळे मिटले. लग्नाआधी ती ग्रेगरीच्या शेजारी राहायची. त्याचा सराव रोज कुंपणापलीकडून ऐकू यायचा. आणि तो सणाचा दिवस! उन्हात पांढरं पडलेलं क्रुसापाशीचं वळण. एकदम गप्प झालेले ट्रम्पेट. जाड कोटाचा डांबरगोळ्यांचा वास. पट्ट्याने खांद्यावर उठलेला वळ तर आठवडाभर गेला नव्हता. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं आणि हे कधी संपूच नये असं तिला वाटलं होतं. पुढे लग्न झालं, विमान, बहरीन, टेरेसा, सगळं सुखाचंच झालं. पण तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

"ग्रेगरीभाई!"

शाळेचे बँडमास्तर राजन सर धापा टाकत पायऱ्या चढून आले होते. "एक लडका गर्मी से गिर गया. टेरेसा है, लेकिन लेफ्टी है, लाइन में अलग दिखेगी. ऊपर से बीच में सोलो है. आप पुराने ड्रमर हो, आप बोलो. निभा लेगी?"

ग्रेगरीचा चेहरा उतरला. त्याने मॅगीकडे पाहिलं.

"वाजवेल ती," मॅगी हळूच म्हणाली.

"निभा लेगी," ग्रेगरी मोठ्याने म्हणाला.

थोड्याच वेळात त्यांच्या शाळेचा बँड मैदानात आला. रांगेच्या टोकाला टेरेसा. बाकीच्यांची उजवी कोपरं वर जायची आणि हिचं डावं. काहीजण हसलेसुद्धा. मग सगळी वाद्यं थांबली आणि ती एकटी उरली.

आधी सुपात तांदूळ घोळवावेत इतका हलका आवाज आला. मग तो वाढत गेला, भरत गेला, आणि हसणारे गप्प झाले. मॅगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिची बोटं मांडीवर पोरीच्या पुढेपुढे धावत होती. शेवटच्या ठोक्याला लोक उठून उभे राहिले.

त्यांचा दुसरा नंबर आला. पण टेरेसाला त्याचं काय! टोपी काढून ती धावतच वर आली आणि तिने काठ्या बापाच्या हातात कोंबल्या.

"डॅडी, नाउ यू! तुमचा तो क्रुसाचा रोल. प्लीज!"

"यल्ला, चल, ग्रेगरी!" आल्बर्टने टिफिनचा रिकामा डबा उपडा करून त्याच्यापुढे ठेवला. "आज सोडणार नाही तुला."

ग्रेगरीने काठ्या हातात फिरवून पाहिल्या. मग पोरीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो हसला. अगदी सुटल्यासारखा हसला.

"आल्बर्ट," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो रे. अंथरुणातून उठलोच नव्हतो."

आणि त्याने काठ्या मॅगीच्या मांडीवर ठेवल्या.