पालकाची सही

“पालकाची सही कुठाय?” नर्सिंग कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला.

मावशीला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. निम्मे केस पांढरे झाले होते. पंचवीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केल्यामुळे लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. कारकूनही मावशीच म्हणत होता, आणि वर पालक मागत होता.

“अहो, मावशीला कुठला आलाय पालक?” ती म्हणाली. “बाजारातून एक जुडी आणू का?”

मागच्या रांगेतल्या मुली खुदकन हसल्या. कारकून हसला नाही.

“फीमाफीचा अर्ज आहे. रकाना रिकामा चालत नाही.”

“मग मीच करते सही.”

“स्वतःचे पालक स्वतः कसं होता येईल, मावशी? नियम आहे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला ती पोरीसोरींच्या बरोबरीने बसली होती. जागा मिळाली होती. पण फी तिच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी होती. माफी मिळाली तर नर्स, नाही तर पुन्हा बादली आणि फडकं. मुदत आज पाचला संपत होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. याच कॉलेजातून शिकून आलेल्या कितीतरी नर्सांना, आजाऱ्याला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, हे तिने हाताला धरून शिकवलं होतं. तेव्हा कुणी तिच्या पालकाची चौकशी केली नव्हती.

“मिस्टरांची सही आणा,” कारकून म्हणाला.

“वारले.”

“मग मुलगा?”

“मुलगी आहे, चौदा वर्षांची. तिच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मीच सही करते.”

“ते तिचं झालं. तुमचं काय?”

मावशीने खिडकीचा कठडा घट्ट धरला. बाईने जन्मभर घर ओढायचं, मूल वाढवायचं, परक्यांची उष्टी-खरकटी काढायची, आणि शिकते म्हटलं की तिला विचारायचं, तुझ्या मागे कोण आहे? मागे कोण असतं तर ती चव्वेचाळिसाव्या वर्षी या रांगेत कशाला उभी राहिली असती?

“वडील तरी आहेत का?” कारकुनाने विचारलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, “आहेत.”

“अहो, मग एवढा वेळ वाद कशाला घालताय? वडील म्हणजे पालकच! जा, पळत जाऊन सही घेऊन या.”

सव्वीस वर्षांपूर्वीही गाडी याच रकान्यापाशी अडली होती. बारावी झाली होती, असाच नर्सिंगचा अर्ज आणला होता. वडील रोज अर्ज हातात घ्यायचे, चष्मा लावायचे, दोन्ही बाजूंनी वाचायचे, आणि “उद्या बघू” म्हणून रेडिओखाली ठेवून द्यायचे. अकरा दिवस ते उद्या बघत राहिले. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. बाराव्या दिवशी अर्जाची तारीख निघून गेली आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी तिने इस्पितळातली बादली उचलली.

मावशीने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. घरातल्या मिळकतीचा पुरावा मागतील म्हणून तिने वडिलांच्या पेन्शनचे कागद आणले होते. त्यातला एक शिक्क्यांचा कागद तिने खिडकीतून आत सारला.

“वडिलांना आता माझं नावही आठवत नाही,” ती म्हणाली. “मी भरवते तेव्हा जेवतात. त्यांची सही कुठेच चालत नाही. कोर्टाने तसं लिहून दिलंय, वाचा.”

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. नियमाचा माणूस तो. दुसरा नियम सापडल्यावर त्याचा चेहरा खुलला.

“मग तर सोपं आहे! अशा वेळी कोर्टाने नेमलेल्या पालकाने त्यांच्या वतीने सही करायची. आहे का कुणी नेमलेलं?”

“आहे. खाली नाव आहे.”

त्याने खाली वाचलं. मग अर्जावरचं नाव वाचलं. परत खालचं वाचलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

“पण... हे तर तुम्हीच.”

“मग?” मावशीचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. “स्वतःचं पालक होता येत नाही म्हणालात. बापाचं झालेलं चालतं ना? बघा तुमच्या नियमात.”

रांगेत आता कुणी हसत नव्हतं. कारकुनाने टेबलाचा खण उघडला, उगाचच आत पाहिलं आणि बंद केला. मग अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि त्या रकान्यावर बोट टेकवलं.

मावशीने वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली ‘यांच्या वतीने’ लिहिलं आणि आपली सही ठोकली. कागद फाटेल इतकी दाबून.

“तारीख राहिली,” कारकून हळूच म्हणाला.

“सव्वीस वर्षं राहिलीय,” मावशी म्हणाली, आणि तिने आजची टाकली.