विसाव्या मिनिटाचा खोकला

"बाई, फक्त एकच विचारायचं होतं," असं म्हणत पाळकांच्या बायकोच्या खोलीत शिरलेला हा सकाळपासूनचा अकरावा माणूस. चर्चचा सेक्रेटरी. त्याला मोठ्या कपाटाची किल्ली हवी होती.

किल्ली बाईंच्या उशाखाली होती. डावा पाय प्लॅस्टरमध्ये, दोन उशांवर चढवलेला. डॉक्टरांनी कालच दम भरला होता, "पाय वर, डोकं शांत, आणि पंधरा दिवस माणसं बंद! हाड वाकडं जुळलं तर जन्मभर लंगडाल." बाईंनी चेहरा पाडून मान हलवली. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तीस वर्षांत पहिला रविवार लोळायला मिळणार होता.

पण चर्च होतं अंगणापलीकडे, आणि बाईंवाचून तिथलं पान हलत नसे. कुठलं गीत आधी, हे पियानोवाल्या ताईला बाई सांगत. पाळकांना तर थांबायलासुद्धा बाई लागत. उपदेशाला उभे राहिले की त्यांना वेळेचं भान नसे. विसाव्या मिनिटाला बाई पहिल्या बाकावरून खोकत, की ते असतील तिथून थेट 'आमेन'वर उतरत. हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो खोकला ऐकूनच आयाबाया चपला चाचपायला लागत. दुसरं कुणी खोकायची मात्र आजवर हिंमत केली नव्हती.

"असं कसं चालेल?" सेक्रेटरी गहिवरून म्हणाला. "बाईंना चर्चला येता येत नाही ना, मग चर्चच बाईंकडे येईल!"

बाईंचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आनंदानं.

अर्ध्या तासात घरात साठ माणसं होती. पियानो पुढच्या दारात अडकला. तो धड आत येईना, धड बाहेर जाईना, तेव्हा तिथेच वाजवायचं ठरलं. गायनमंडळातल्या चौघी पलंगावर चढल्या. एका आजींना फरशी टोचत होती, त्यांना बाईंच्या पायाखालच्या दोन्ही उशा मिळाल्या. दिल्या बाईंनीच. तोंडातून सवयीनं "घ्या ना" निघून गेलं, आणि मग पाय जो ठणकायला लागला तो लागलाच.

"अगं, आता कसं बरं वाटतंय ना?" पाळकांनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून विचारलं. त्यांच्या आजच्या उपदेशाचा विषय होता विश्रांती. "चला, आधी प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंनी नाही मिटले.

कुबड्या घेऊन त्या स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडल्या. पलंगावरच्या चौघी मिटल्या डोळ्यांनीच ऐसपैस सरकल्या. मागे बोटभरही जागा उरली नाही, आणि बाई गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. पहिल्या बाकाकडे न बघता बाई शेवटच्या बाकावर आडव्या झाल्या. गीतांची पुस्तकं रचून त्यावर पाय ठेवला. हळूहळू ठणका उतरला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घराच्या खिडकीतून पाळकांचा आवाज इथवर येत होता. भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली. एकोणीस. वीस.

"आणि म्हणूनच, प्रियजनहो..." पाळक थबकले. त्यांनी वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली.

"तर मी काय म्हणत होतो..." पाळकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाईंना वाईट वाटलं. माणसं आपलीच होती, जीव लावणारी होती. पुढच्या दारात तर पियानो अडकलेला, कुणाला हळूच निसटताही येणार नव्हतं. घशात सवयीनं खवखवलं.

बाकाच्या खणात खोकल्याच्या गोळ्यांची डबी होती, गायनमंडळासाठी बाईंनीच ठेवलेली. त्यांनी दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि डोळे मिटले.