पाठीवरचा हात

पोलादपूरजवळच्या एका वाडीत अनुपमा रोज सकाळी देवळाच्या सभामंडपात बायकांना योगासनं शिकवते. कुणी चुकलं तर ती ओरडत नाही. जवळ जाते, पाठीवर हात ठेवते आणि कणा हलकेच सरळ करते. एकट्या राहणाऱ्या प्रयागबाई मात्र तीन महिने झाले तरी पोक काढूनच बसतात.

काल त्या तिला डोंगर उतरताना दिसल्या. डोक्यावर लाकडांची मोळी आणि पाठ काठीसारखी ताठ.

आज वर्गात पुन्हा तेच पोक. त्यांच्या पाठीवर हात ठेवत अनुपमानं हळूच विचारलं, "आजी, मोळी घेऊन एवढ्या ताठ चालता, मग इथंच का वाकता?"



"ताठ बसलेल्यांच्या पाठीला तू हात लावत नाय गो."