बघून घ्या

बाईंनी मागचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. शाळेमागचं कंबरेएवढं गवत मुळापर्यंत कापलेलं होतं. कडेने पांढऱ्या फक्कीची रेघ, कोपऱ्यात गवताचा ढीग. ढिगाशेजारी माळीमामा लग्नघरच्या यजमानासारखे ताठ उभे. बोटाला चिंधी. रविवारचा सगळा दिवस त्यांनी एकट्याने विळा चालवला होता.

शुक्रवारी बाई घाईघाईत म्हणाल्या होत्या, "मामा, सोमवारी अनुदानवाल्या मॅडम येणार आहेत. मागची जागा जरा बघून घ्या." कोणी आत शिरणार नाही एवढं बघा, असं त्यांना म्हणायचं होतं. पण पाहुणे येणार म्हटलं की बघून घेण्याचा या शाळेत तीस वर्षं एकच अर्थ होता. मामांनी बघून घेतलं. बाईंना त्यांच्यावर चिडताही येईना.

त्या गवतात वटवट्यांची सहा घरटी होती. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण बडबड अशी की नावच ते पडलं. घरटी पात्यांतच गुंफलेली, जवळ जाऊनही दिसत नसत. वर्गात पाच मिनिटं गप्प न बसणारी नववीची मुलं इथे महिनाभर श्वास रोखून बसली होती. अंडी किती, पिल्लं किती, सगळं वहीत टिपून ठेवलेलं. मुलांना निसर्गाजवळ नेणाऱ्या उपक्रमांना अनुदान मिळतं, हे कळल्यावर अर्जही त्यांनीच लिहिला. अनुदान मिळालं तर जागा मुलांची, नाहीतर सुट्टीत तिथे फरशी बसणार आणि गाड्या लागणार, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

मॅडम आल्या तसे मामा अदबीने लांब, दाराशी जाऊन उभे राहिले. मॅडम जाणत्या होत्या, हेच वाईट झालं. ढिगाशी उकिडव्या बसून त्यांनी बोटांनी गवत बाजूला सारलं आणि मग ते हलकेच पुन्हा वर ओढून झाकलं. वही घेऊन आलेली मुलगी वाकून बघायला निघाली, तेव्हा बाईंनी तिला घट्ट जवळ ओढून धरलं.

मॅडम उठल्या. रिकाम्या मैदानाला अनुदान देता येत नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मात्र कर्मचाऱ्याकडून चूक झाली असं त्याच्या नावानिशी लिहून दिलंत, तर अर्ज वर्षभर राखून ठेवता येईल.

"कोणी कापलं हे?"

बाईंनी मामांकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. कागदावर नाव गेलं की मुख्याध्यापक त्यांच्या पेन्शनचं काय करतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मीच कापायला सांगितलं," बाई म्हणाल्या.

मॅडमनी फाइल मिटली. मुलीने बाईंचा हात झटकला. एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि वर्गाकडे चालू लागली.

मॅडम गेल्यावर मामा जवळ आले. "पसंत पडलं ना त्यांना?"

"पडलं, मामा."

कापलेल्या जमिनीवर वटवट्यांची एक जोडी उतरत होती, उडत होती, पुन्हा तिथेच उतरत होती. दोघांच्याही चोचीत अळ्या होत्या. मामा हरखून बघत राहिले.

"इतकी वर्षं नुसता आवाज ऐकला यांचा," ते म्हणाले. "आज बघा, कशी समोर येऊन नाचतायत."