जळवांचे सर

"गाईड हा विद्यार्थ्यानं शोधायचा असतो. गुरू कधी कुणाच्या मागे धावत नाही!" आंघोळ करून बाहेर येता येता प्राध्यापक आठल्यांनी जाहीर केलं.

"मग मोबाइल न्हाणीघरात कशाला नेला होतात?" बायकोनं विचारलं.

पीएचडीच्या प्रवेशाचा निकाल लागून आठवडा झाला होता. निवड झालेली मुलं आपापला गाईड ठरवत होती, आणि झाडून सगळी मधमाश्यांवाल्या सरांकडे चालली होती. आठल्यांचा विषय जळवा. यंदाही विद्यार्थी मिळाला नाही, तर त्यांची प्रयोगशाळा मधमाश्यांना जाणार होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"सर, मी कुंभोजे. यंदा पीएचडीला निवड झालीय माझी. तुमच्याकडंच काम करायचंय."

"मधमाश्यांचे सर वेगळे हं," आठल्ये म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"नाही सर, जळवाच. तुमचे सगळे पेपर वाचलेत मी."

आठल्ये मटकन खुर्चीत बसले. ते पेपर आजवर फक्त बायकोनं वाचले होते, तेही शुद्धलेखन तपासायला. तरीही त्यांनी जंगलातला चिखल, गळके बूट, पायाला सुटणारी खाज, सगळं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"चालतंय की सर," पोरगी म्हणाली. "जन्मभर हेच करायचं ठरवलंय. फक्त एक विनंती होती."

"अगं, बोल ना!"

"प्रयोगशाळेतल्या जळवांना तुम्ही स्वतःचं रक्त पाजता म्हणे. तेवढं काम तुमच्याकडंच राहू दे."